पाल, एनटीएससी, सेकाम: जुन्या व्हिडिओ कॅसेटची सिस्टीम घरी बदलायची तर यंत्रं कशी निवडावीत

पाल, एनटीएससी आणि सेकाम या वेगवेगळ्या देशांतल्या रंगीत टीव्हीच्या पद्धती, म्हणजे सिस्टीम. एनटीएससीत भरलेली व्हीएचएस कॅसेट फक्त पाल समजणाऱ्या डेकमध्ये, म्हणजे कॅसेट चालवणाऱ्या यंत्रात (व्हीसीआर), घातली की चित्र वरखाली पळतं, रंग जातात आणि आवाज संथ, जड होतो. पाल कॅसेट एनटीएससी डेकमध्ये घातली तर उलटं होतं, माणसं भरभर आणि चिरक्या आवाजात बोलू लागतात. कॅसेट बिघडली असं समजून बरेच जण ती इथेच बाजूला टाकतात. कॅसेट बहुधा ठीक असते, डेक चुकीचा असतो.

खरेदीला लागण्याआधी एक गोष्ट पक्की करा. कॅसेट ज्या सिस्टीममध्ये भरली आहे, त्याच सिस्टीममध्ये ती संगणकात उतरवायची. रूपांतर त्यानंतर, आणि खरोखर लागणार असेल तरच. पूर्वी एका डेकमधून दुसऱ्या डेकमध्ये कॉपी करताना मधे सिस्टीम बदलणारा डबा, म्हणजे कन्व्हर्टर, बसवण्याशिवाय इलाज नव्हता. आज संगणक आणि फोन पालची सेकंदाला ५० आणि एनटीएससीची ६० अशा दोन्ही गती दाखवतात, बहुतेक टीव्हीही दाखवतात. तरीही अनेक जण सवयीने आधी कन्व्हर्टर शोधतात, आणि कॅसेटवर होतं त्यातलं बरंच काही त्या डब्यातच गमावतात.

आधी कॅसेट ओळखा

कॅसेटवर टी-१२०, टी-१६० असं लिहिलेलं असेल तर ती एनटीएससी देशांत विकलेली, ई-१८०, ई-२४० असेल तर पाल किंवा सेकाम देशांतली. पण यावरून कोरी कॅसेट कुठे विकली गेली एवढंच कळतं, तिच्यावर काय भरलं ते नाही. टी आणि ई कॅसेटमधली फीत एकाच प्रकारची असते. टी-१२० मध्ये साधारण २४७ मीटर फीत असते. एनटीएससीच्या एसपी या नेहमीच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ३३.३५ मिलिमीटरने, ती दोन तास चालते. पालच्या २३.३९ मिलिमीटर वेगाने तीच फीत जवळजवळ तीन तास पुरते. म्हणून लेबल हा फक्त इशारा समजा. चित्रीकरण कोणत्या देशातल्या कॅमेऱ्याने झालं हा जास्त भरवशाचा धागा आहे.

सेकाम ओळखायची खूण वेगळी आहे. पाल डेकमध्ये चित्र स्थिर, आवाज व्यवस्थित, पण सगळं कृष्णधवल दिसत असेल तर कॅसेट सेकाम असण्याची शक्यता मोठी. त्यातही दोन प्रकार आहेत. फ्रान्समध्ये भरलेल्या सेकाम कॅसेटवर रंग एका पद्धतीने नोंदवलेला असतो, तर मेसेकाम नावाच्या प्रकारात पालच्या धर्तीवर. पुष्कळ मल्टी-सिस्टीम डेकवर मेसेकाम लिहिलेलं असतं आणि फ्रेंच कॅसेट त्यावरही कृष्णधवलच दिसते. तुमची कॅसेट फ्रान्समधली असेल तर खऱ्या सेकामचा डेकच लागेल. ब्राझीलची पाल-एम आणि अर्जेंटिना, उरुग्वे, पॅराग्वेची पाल-एन हेही स्वतंत्र प्रकार आहेत. नावात पाल असलं तरी पाल-एम ५२५ ओळींची आहे.

नेमका फरक कशात आहे

फरक तीन ठिकाणी आहे. एनटीएससीत ५२५ ओळी, त्यातल्या सुमारे ४८० दिसणाऱ्या, आणि सेकंदाला ५९.९४ फील्ड (फील्ड म्हणजे एकाआड एक ओळींचं अर्धं चित्र, अशा दोन फील्डची एक फ्रेम). पालमध्ये ६२५ ओळी, दिसणाऱ्या ५७६, आणि सेकंदाला ५० फील्ड. तिसरा फरक रंगाचा. एनटीएससीत रंग वाहून नेणारी उपवाहक लहर ३.५८ मेगाहर्ट्‌झची, पालमध्ये ४.४३ ची. सेकामच्या ओळी आणि फील्ड पालइतक्याच, फक्त रंग वेगळ्या तऱ्हेने पाठवलेला.

रंग बदलणं सोपं आहे, चित्राचं काही बिघडत नाही. म्हणून सेकामचं पाल करणं जवळजवळ बिनधोक. ओळी बदलणं मध्यम अवघड. खरं गाडं अडतं ते फील्डवर. ५० चे ५९.९४ करायचे तर दर सेकंदाला दहा फील्ड नव्याने निर्माण करावे लागतात, आणि जी हालचाल कॅमेऱ्याने टिपलीच नाही ती कुठून तरी आणावी लागते. उलट दिशेने दर सहांतला एक टाकावा लागतो. स्वस्त कन्व्हर्टर जुनाच फील्ड पुन्हा दाखवतो, त्यामुळे सेकंदाला दहा झटके बसतात. त्याहून बरा असतो तो शेजारचे फील्ड एकमेकांत मिसळतो. झटके कमी होतात, पण धावत्या मुलाचे दोन-दोन पाय दिसू लागतात. हालचालीचा माग काढून मधला क्षण बांधणारी यंत्रं प्रसारण केंद्रांत असत. स्नेल अँड विलकॉक्सचं अल्केमिस्ट त्यातलं नावाजलेलं. घरगुती डब्यांत ती ताकद नव्हती. आज मात्र संगणकावर ते काम होतं, आणि म्हणूनच आधी उतरवा, मग बदला.

डेक: सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या

साखळीत सर्वांत महत्त्वाचं यंत्र डेक. पुढे कितीही चांगलं काही लावलं तरी हेडने, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाने, फितीवरून जे उचललं नाही ते परत येत नाही. नवीन व्हीएचएस डेक आता बनत नाहीत. फुनाई या जपानी कंपनीने २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबवलं. त्यामुळे जे मिळेल ते वापरलेलंच असणार.

पहिला पर्याय म्हणजे त्या-त्या सिस्टीमचा स्वतंत्र डेक. एनटीएससी कॅसेट पाच-दहाहून जास्त असतील तर आमचा कौल यालाच. एस-व्हीएचएस, म्हणजे व्हीएचएसच्या सुधारित प्रकारचा, डेक मिळाला तर उत्तम, कारण त्याला एस-व्हिडिओ आउटपुट असतं. व्हीएचएस फितीवर उजेड आणि रंग मुळातच वेगळे ठेवलेले असतात. पिवळ्या कंपोझिट वायरमधून ते एकत्र करून पुढे पुन्हा वेगळे केले की कडांवर ठिपके सरपटताना दिसतात. एस-व्हिडिओत ते वेगळेच राहतात. अशा काही डेकमध्ये ओळी सरळ करणारी सोयही असते, तिच्याबद्दल पुढे.

दुसरा पर्याय मल्टी-सिस्टीम डेक. हा दोन्ही सिस्टीम खऱ्या अर्थाने वाचतो आणि एनटीएससीचं ३.५८ चं शुद्ध आउटपुट देतो. सौदा करण्याआधी मागचं बटण किंवा मेनूतला पर्याय बघा. तिथे एनटीएससी ३.५८ वेगळं निवडता आलं पाहिजे. शिवाय हाय-फाय आवाज दोन्ही सिस्टीममध्ये येतो का, तेही विचारा. त्या आवाजाच्या वाहक लहरी पालमध्ये १.४ आणि १.८ मेगाहर्ट्‌झ, तर एनटीएससीत १.३ आणि १.७ असतात. डेक दोन्ही ओळखत नसेल तर स्टिरिओ कॅसेटचा आवाज फितीच्या कडेच्या मोनो पट्टीवरून येतो, सपाट आणि खरखरीत.

तिसरा पर्याय आतच डिजिटल कन्व्हर्टर असलेला डेक: पॅनासोनिकचे एजी-डब्ल्यू१ आणि एजी-डब्ल्यू३, सॅमसंगचा एसव्ही-५०००डब्ल्यू, आयवाचा एचव्ही-एमएक्स१००. कॅसेटवरून थेट दुसऱ्या सिस्टीमच्या कॅसेटवर कॉपी हवी असेल तर हे कामाचे. पण असा डेक हाती आला तरी उतरवताना कन्व्हर्टर बंद ठेवा आणि मूळ सिस्टीमचंच आउटपुट घ्या.

पाल-६० चा सापळा

पैसे आणि वेळ सर्वांत जास्त वाया जातो तो इथे. अनेक पाल डेकवर ‘पाल टीव्हीवर एनटीएससी प्लेबॅक’ असं अभिमानाने लिहिलेलं असतं. हे रूपांतर नव्हे. डेक ५२५ ओळी आणि ६० ची गती तशीच ठेवतो, फक्त रंग पालच्या ४.४३ वर आणून सोडतो. ना धड पाल, ना धड एनटीएससी असा हा सिग्नल बऱ्याच टीव्हींना चालतो. कॅप्चर यंत्राला, म्हणजे डेकचा सिग्नल संगणकात उतरवणाऱ्या यंत्राला, मात्र बहुधा चालत नाही. पाल निवडलं तर चित्र फाटतं किंवा लोळतं, एनटीएससी निवडलं तर कृष्णधवल येतं. मग माणूस वायर बदलतो, ड्रायव्हर बदलतो, दुसरं कॅप्चर यंत्र आणतो, आणि दोष डेकमध्येच असतो. कॅप्चर सॉफ्टवेअरच्या यादीत पाल-६० आणि एनटीएससी ४.४३ हे पर्याय असतील तर ते एकदा लावून पाहा, काही चिपना जमतं. नसतील तर डेक बदलणं हाच उपाय.

वापरलेला डेक तपासताना

स्वतःची, फारशी महत्त्वाची नसलेली कॅसेट घेऊन जा. ती आत घाला, पाच मिनिटं चालवा, शेवटपर्यंत पुढे आणि मागे फिरवा, बाहेर काढा आणि झडप उघडून फीत उजेडात तिरपी धरा. कडेला चुण्या किंवा लांब ओरखडा दिसला तर तो डेक घेऊ नका, चित्र कितीही सुंदर असलं तरी. फीत ओढणारा रबरी पिंच रोलर काचेसारखा चकाकत असेल तर तो कडक झालाय, आवाज डुलेल. रिमोट आहे का ते विचारा, काही डेकवर सिस्टीम बदलण्याचा मेनू फक्त रिमोटवरूनच उघडतो.

एनटीएससी कॅसेट ईपी या सगळ्यात संथ वेगात भरलेली असेल तर ती तपासणीला हमखास न्या. त्या वेगात फीत सेकंदाला फक्त ११.१२ मिलिमीटर सरकते, पट्टे अतिशय अरुंद असतात आणि डेकची झीज सगळ्यात आधी तिथे दिसते.

घरी आणल्यावर हेड साफ करा. प्लग काढा, झाकण उघडा. शामोई चामड्याची कांडी किंवा स्वच्छ, तंतू न सुटणाऱ्या कागदाची घडी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओली करा. ती ६२ मिलिमीटर व्यासाच्या चकचकीत ड्रमला हलकेच टेकवून स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरच्या टोकाला धरून हळू फिरवा. कांडी वरखाली कधीही चोळू नका, हेडचं नाजूक टोक तुटतं. कापसाचे बोळे तर नकोतच, त्यांचे धागे हेडमध्ये अडकतात. कागदावर तपकिरी डाग येणं थांबलं की काम झालं. पूर्ण सुकायला पंधरा मिनिटं द्या. ज्या कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी दिसते ती या डेकमध्ये घालूच नका. ती बुरशी हेडवर आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते.

वीज

एनटीएससी डेक बहुतेक वेळा १००, ११० किंवा १२० व्होल्टचा असतो. २३० व्होल्टच्या घरात त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. डेक साधारण २० ते ३० वॅट घेतो, १०० वॅटचा ट्रान्सफॉर्मर पुरून उरतो. प्रवासासाठी मिळणारे हलके, खिशात मावणारे व्होल्टेज कन्व्हर्टर हेअर ड्रायरसारख्या तापणाऱ्या उपकरणांसाठी असतात. त्यांच्यावर डेक चालवला तर पॉवर सप्लाय जळू शकतो. मोटर डीसी असल्याने ५० किंवा ६० हर्ट्‌झने फितीचा वेग बदलत नाही. जपानी डेक १०० व्होल्टचा असतो, त्याला १२० देऊ नका.

वायरी

अँटेनाच्या वायरने जोडू नका. एनटीएससीत आवाजाची लहर चित्रापासून ४.५ मेगाहर्ट्‌झवर असते, पालच्या प्रकारांनुसार ५.५, ६ किंवा ६.५ वर. चित्र आलं तरी आवाज येणार नाही, आणि चित्रही मळकट असेल. एस-व्हिडिओ असेल तर तो, नसेल तर पिवळी कंपोझिट, शक्यतो दीड मीटरच्या आत. स्कार्ट, म्हणजे युरोपी डेकवरचा रुंद सॉकेट, असेल तर अॅडॅप्टरवर आत-बाहेर दिशा बदलणारा खटका आहे का ते पाहा. चित्र येत नाही अशा तक्रारींत तो खटका उलटा असणं हे नेहमीचं कारण आहे.

टाइम बेस करेक्टर

फीत यांत्रिक वस्तू आहे, ताणते, थरथरते. म्हणून प्रत्येक ओळ थोडी आधी किंवा थोडी उशिरा सुरू होते. दाराची उभी चौकट लाटांसारखी हलताना दिसते ती याचमुळे. ओळींचा टाइम बेस करेक्टर (टीबीसी) हे सरळ करतो. तो काही एस-व्हीएचएस डेकच्या आतच असतो. पॅनासोनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ हे डीव्हीडी रेकॉर्डर सिग्नल नुसता आरपार जाऊ देऊनही हे काम बऱ्यापैकी करतात, म्हणून लोक ते डेक आणि कॅप्चर यांच्यामध्ये जोडतात. घेण्याआधी तो तुमच्या सिस्टीमचा सिग्नल स्वीकारतो का ते बघा.

फ्रेमचा टीबीसी वेगळा. तो संपूर्ण चित्र साठवून ठराविक ठोक्याने बाहेर सोडतो, त्यामुळे कॅप्चरमध्ये फ्रेम गळत नाहीत आणि आवाज मागेपुढे होत नाही. चित्र डुलत असेल तर ओळींचा घ्या, फ्रेम गळत असतील तर फ्रेमचा. एकाच गोष्टीला पैसे असतील तर ओळींचा आधी.

कॅप्चर यंत्र

सारख्या दिसणाऱ्या, सारख्याच नावाच्या स्वस्त यूएसबी काड्यांच्या आत वेगवेगळ्या चिप असतात, म्हणून नावावर जाऊ नका. यंत्र पालसाठी ७२० बाय ५७६ आणि एनटीएससीसाठी ७२० बाय ४८० असं दोन्ही इंटरलेस्ड रूपात, म्हणजे दोन्ही फील्ड वेगळे राखून, न दाबता देतं का, हा प्रश्न विचारा. जे यंत्र थेट एमपी४ बनवून देतं ते बहुधा अर्धे फील्ड टाकून देतं.

कंपोझिटचं एचडीएमआय करणाऱ्या छोट्या डब्या या कामाला घेऊ नका. त्या स्वतःच ओळी जोडतात, गती बदलतात आणि चौकोनी चित्र रुंद ताणतात. नंतर दुरुस्त करायला मूळ काही उरत नाही.

फायरवायर या जुन्या जोडणीवरून डीव्ही नावाच्या डिजिटल रूपात चित्र देणारे कन्व्हर्टर (हे सिस्टीम बदलत नाहीत), उदाहरणार्थ कॅनोपस एडीव्हीसी-११०, भरवशाचे आहेत आणि दोन्ही सिस्टीम घेतात. तासाला सुमारे १३ गिगाबाइट जागा लागते. पण एनटीएससी डीव्हीत रंगाची आडवी माहिती चौथ्या हिश्श्यावर येते. मुळातच फिक्या रंगाच्या कॅसेटला हा तोटा जाणवतो. जागा असेल तर हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१ सारखं दर्जा न घटवणारं कोडेक (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत) वापरा, तासाला ३० ते ४० गिगाबाइट धरून चाला.

अमेरिकी एनटीएससीत काळा रंग शून्यावर नसून ७.५ आयआरईवर (आयआरई हे सिग्नलच्या पातळीचं माप) असतो, जपानी एनटीएससीत शून्यावर. काळे केस राखाडी दिसत असतील किंवा सावल्या गडप होत असतील तर कॅप्चरच्या ब्राइटनेसमध्ये हेच सुधारायचं असतं. नंतर फाइलमध्ये सुधारू म्हटलं तर गडप झालेल्या सावल्या परत येत नाहीत.

उतरवण्याचा क्रम

१. कॅसेट खोलीच्या तापमानाला काही तास राहू द्या, मग एकदा टोकापर्यंत पुढे आणि पूर्ण मागे फिरवा.

२. डेकवर आणि कॅप्चर सॉफ्टवेअरमध्ये सिस्टीम स्वतः निवडा, ऑटोवर ठेवू नका. कोरा भाग आला की ऑटो भरकटतं.

३. दोन मिनिटं उतरवून गळालेल्या फ्रेमचा आकडा पाहा. तो शून्य किंवा शून्याच्या अगदी जवळ हवा.

४. एनटीएससीसाठी फ्रेमचा दर २९.९७ च लिहा. ३० लिहिलं तर तासाभरात आवाज ३.६ सेकंद सरकतो.

५. आवाज ४८ किलोहर्ट्‌झवर, न दाबता.

६. पूर्ण कॅसेट एका दमात उतरवा. तळाशी दिसणारा काही ओळींचा फाटका पट्टा हेड बदलण्याच्या जागेचा असतो, दोष नव्हे. शेवटी तो झाका.

मूळ फाइल जपून ठेवा. पुढचं सगळं तिच्या प्रतीवर करायचं.

आता रूपांतर, लागलंच तर

फाइल संगणकावर किंवा फोनवर बघायची असेल तर सिस्टीम बदलायची गरजच नाही. फक्त डी-इंटरलेस करा, तेही प्रत्येक फील्डची एक फ्रेम होईल असं. म्हणजे पालचे ५० फ्रेम, एनटीएससीचे ५९.९४. अॅव्हीसिंथ या सॉफ्टवेअरमधलं क्यूटीजीएमसी हे फिल्टर यात सर्वोत्तम, एफएफएमपेग या सॉफ्टवेअरमधलं बीडब्ल्यूडिफ झटपट आणि पुरेसं चांगलं. २५ किंवा ३० फ्रेम करणाऱ्या सोप्या बटणाने अर्धी हालचाल जाते.

समोरच्या माणसाचा डीव्हीडी प्लेयर किंवा टीव्ही फक्त ६० च घेत असेल तर पालचं एनटीएससी करावं लागतं. आधी वरीलप्रमाणे ५० पूर्ण फ्रेम करा. मग उंची ५७६ वरून ४८० वर आणा. इंटरलेस्ड चित्राची उंची थेट बदलली तर दोन फील्ड एकमेकांत मिसळून कडांना कंगव्याचे दात फुटतात, ते पुन्हा निघत नाहीत. मग गती ५९.९४ वर न्या. हालचालीचा माग काढणारी पद्धत बहुतेक दृश्यांत छान दिसते, पण कुंपणाच्या उभ्या सळ्यांवरून कॅमेरा फिरतो तिथे सळ्या वितळल्यासारख्या होतात आणि हातवाऱ्यांभोवती हवा थरथरते. म्हणून सगळ्यात धावपळीचं एक मिनिट निवडा आणि त्यावर माग काढणारी आणि मिसळणारी, दोन्ही पद्धती चालवून बघा. डीव्हीडी करायची असेल तर शेवटी पुन्हा इंटरलेस करून २९.९७ वर आणा. सेकंदाला ८ मेगाबिटने तासाभराची कॅसेट ४.७ गिगाबाइटच्या डिस्कवर आरामात बसते.

मूळ चित्रपट फिल्मवर असलेल्या आणि टीव्हीवरून भरलेल्या कॅसेटचा मार्ग निराळा. एनटीएससीत २४ फ्रेमची फिल्म दोन-तीन-दोन-तीन अशा फील्डवाटपाने भरलेली असते. ते वाटप उलगडलं की २३.९७६ च्या मूळ फ्रेम परत मिळतात. तिथे डी-इंटरलेस करणं चुकीचं.

तयार फाइल देण्याआधी एक फ्रेम, एक फ्रेम असं पुढे सरकवत चालणाऱ्या माणसाकडे पाहा. पाय पुढे, किंचित मागे, पुन्हा पुढे असा गेला तर फील्डचा क्रम उलटा लागला आहे. डीव्ही फाइलमध्ये खालचा फील्ड आधी असतो, इतर कॅप्चरमध्ये पुष्कळदा वरचा. सेटिंग बदला, तेच दहा सेकंद पुन्हा चालवा, आणि पाय सरळ पुढे पडू लागले की मगच पूर्ण कॅसेट रूपांतराला लावा.